कथेतला मुलगा घरी येतो की नाही?

दहावीला बाहेरून बसणाऱ्या मोठ्या माणसांना मी मराठी शिकवतो. दर आठवड्याला एखादा तरी किस्सा घडतोच. घरी सांगितला की बायको विचारते, "तुम्ही त्यांना शिकवता की ते तुम्हाला?" आता इतके किस्से साठलेत, की या प्रश्नाचं उत्तर मलाच नक्की माहीत नाही!

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद. म्हणून आमचा वर्ग शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपली की तीन वाजता, निजामपुऱ्यात एका दुकानाच्या माळ्यावर. अभ्यासाला एक जुनी, गाजलेली कथा आहे. भांडून घर सोडून गेलेल्या मुलासाठी आई रोज संध्याकाळी ताट वाढून ठेवते. शेवटच्या पानावर ती ते ताट उचलते आणि दाराला कडी लावते. मुलगा येत नाही. बस्स, एवढीच कथा. कॉलेजात असताना ती मला पूर्ण समजली होती!

*

आमचे अन्वरभाई कापड तपासतात. टेबलावर तागा उलगडायचा, फॉल्ट दिसला की लाल खडूची खूण करायची, हे त्यांचं काम. फॉल्ट नसलेला माल फ्रेश आणि असलेला सेकंड. त्यांना मी म्हटलं, "कथा बारकाईनं वाचून या." पुढच्या शुक्रवारी कथेच्या झेरॉक्सवर लाल खुणाच खुणा!

"सर, पयल्या पानावर ताट पितळेचा, तिसऱ्यावर तांब्याचा. दार आधी उत्तरेला, मग पूर्वेला. और आखिरी पेज तो पूरा डॅमेज है, पोरगा आलाच नाय. हा माल सेकंड हाय सर."

"अहो, ही अभिजात कथा आहे!"

"असंल. पण पार्टी माल परत पाठवंल."

मी घरी जाऊन पाहिलं. ताट खरंच बदललं होतं. इतकी वर्षं मी काय वाचत होतो, देव जाणे.

*

संतोष पडघ्याला एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे. त्याला मी निवेदक समजावत होतो. "निवेदक म्हणजे गोष्ट सांगणारा. इथे तो त्या घरात नाही, पण आईच्या मनातलं त्याला सगळं कळतं."

"घरात नाही, तर कळलं कसं?"

"तशी पद्धत असते."

"आमच्याकडे माल उतरताना जो हजर नव्हता, त्याची सही चालत नाही, सर."

अर्धा तास घसा कोरडा केला. शेवटी संतोषनं वहीत लिहिलं, 'निवेदक : गैरहजर.' मी त्यावर बरोबरची खूण केली. का केली, ते अजून सांगता येत नाही!

*

पण खरी परीक्षा माझी घेतली ती रुक्मिणीकाकूंनी. टेमघरच्या, पन्नाशीच्या, एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. तिथे शिपायाची कायमची जागा रिकामी होती. काकू मराठीत दोनदा नापास झालेल्या. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा दहावी पास, नाहीतर जागा दुसऱ्याला. झेरॉक्स त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी माझा कॉलेजपासून जपलेला कथासंग्रह दिला. "काकू, कोपरासुद्धा दुमडायचा नाही हां!"

मी विचारलं, "कथेतलं मुख्य पात्र कोण?"

"पोरगा," काकू म्हणाल्या.

"पोरगा? तो एकदाही दिसत नाही कथेत!"

"म्हनून तर! जो घरान न्हाय, त्याचाच इचार दिसभर चालतो ना?"

गाईडमध्ये 'आई' लिहिलंय. मी गाईड उघडलं, पुन्हा वाचलं आणि मिटून ठेवलं.

*

सराव परीक्षेत प्रश्न होता, 'कथेचा शेवट तुमच्या शब्दांत लिहा.' काकूंनी 'तुमच्या शब्दांत' म्हणजे अगदी त्यांच्याच शब्दांत लिहिला! मुलगा दुपारच्या एसटीनं येतो, हातपाय धुतो, भाकरी खातो, आई त्याला चार शिव्या घालते.

"काकू, तो येत नाही. लेखकानंच लिहिलंय."

"लेखक काय त्याला वलखतो? त्याला घरची वाट ठाव हाय."

"अहो, याच उत्तरावर तुम्ही दोनदा नापास झालात! नोकरी जाईल हातची!"

काकू उठून खाली चहा सांगायला गेल्या. मी वैतागून अन्वरभाईंकडे पाहिलं, तर ते खडूशी चाळा करत होते. मग हळूच म्हणाले, "काकूंचा महेश बापाशी भांडून गेलाय, सर. चार साल झाले. फोन बंद हाय त्याचा."

चहा आला. तो मी कसाबसा प्यायलो. मला फार लाज वाटली.

*

बोर्डाचा पेपर झाला. काकू केंद्राबाहेर आल्या तेव्हा मी आणि आधीच पेपर देऊन आलेले अन्वरभाई गेटवरच उभे होतो.

"कथेच्या शेवटाचा प्रश्न आला?"

"आला." काकूंनी चपलेत पाय घातला. "तुमी सांगितला तसाच लिवला, सर. न्हाय येत तो."

आणि त्या रिक्षात जाऊन बसल्या.

*

काकू पास झाल्या! नोकरीही लागली. पुढच्याच शुक्रवारी पेढे घेऊन माळ्यावर आल्या आणि माझं पुस्तक परत केलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, एक कोपरा दुमडलेला नाही. मी खूश होऊन कथा उघडली. आईनं ताट वाढलं, दार उघडं ठेवलं, उंबऱ्यात बसली. मी पान उलटलं, तर थेट पुढची कथा!

"काकू! शेवटचं पान कुठंय?"

"मार्क भेटले ना, सर? मंग त्या पानाचा आता काय काम?"

अन्वरभाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. चष्मा वर केला, उजेडाकडे धरून आता शेवटचं ठरलेलं पान वाचलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. खडू खिशातच राहिला.

"हां, सर," ते म्हणाले, "आता माल फ्रेश हाय."