बाटल्यांच्या रॅकचे चार पाय

पोळ्याच्या करीच्या दिवशी सकाळी, दिग्रसला आमच्या ओसरीत, चार हजार पाचशे रुपयांत रॅकचा सौदा ठरला. हजर तिघं: मी, बायको आणि सुतारभाऊ. मुलगी फोनवर होती, म्हणून तिला मोजलं नाही.

ती समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते. संशोधन जहाजावरची तिची ही पहिलीच सफर. प्रयोगशाळेच्या टेबलावर बाटल्या ठेवायला चोवीस खान्यांचा रॅक हवा होता. बाजारातल्या रॅकमध्ये तिच्या बाटल्या बसत नव्हत्या. जहाजावरच्या तपासणीत रॅक नापास झाला तर बाटल्या खाली गोदामात जाणार आणि पाणी काढल्याबरोबर तपासायचं तिचं काम बुडणार.

सुतारभाऊंनी सागवानाचा रॅक केला. मी तो तीनदा मोजला, मिलिमीटरचा फरक नाही. फक्त न सांगता त्यांनी खाली चार बोटं उंचीचे चार पाय लावले होते. आमच्याकडे भुईला टेकलेलं लाकूड वाळवीचं, पायांवर उभं असलेलं आपलं. मलाही पटलं. पायांचे दोनशे वेगळे कबूल केले.

रॅक मांडीवर घेऊन आधी बस, मग रेल्वे, असा मी बंदरावर पोचलो. प्रयोगशाळेत यंत्रं पट्ट्यांनी आवळलेली, खुर्च्यासुद्धा साखळीनं बांधलेल्या. आमचा रॅक ठेवला तर जहाज धक्क्याला उभं असूनही डुगडुगला. मुलगी पायांकडे बघत राहिली.

"बाबा, इथं वाळवी नाही येत. इथं टेबलच हालते."

तीन वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तपासायला येणार होत्या. बांधता येत नाही ती वस्तू टेबलावर राहत नाही, हा त्यांचा नियम. दीड वाजला होता. मी करवत मागायला निघालो, तेवढ्यात मुलीनं सुतारभाऊंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी मलाच धरलं: जहाज म्हणून सांगितलं, हालते म्हणून कुठं सांगितलं? मग नीट बघून म्हणाले, "पाय कापू नका भाऊ. स्क्रू काढा अन् बाजूले लावा, दोन इकडं, दोन तिकडं. दोरी बांधाले खुंट्या होतात."

एका खलाशानं पेचकस दिला, पाय काढून बाजूंना बसवले. टेबलाच्या कड्यांतून दोरी ओवून आम्ही खुंट्यांना आवळली. बाईंनी रॅक दोन्ही हातांनी ओढून पाहिला, हलला नाही. कागदावर सही करताना त्यांनी ही कुठली पद्धत म्हणून विचारलं.

"दिग्रसची," मुलगी म्हणाली, मान खाली घालून.

धक्क्यावरूनच मी सुतारभाऊंना चार हजार सातशे पाठवले. पाय उभेच राहिले नाहीत म्हणून त्यांनी दोनशे परत पाठवले. मी ते खुंट्यांची मजुरी म्हणून पुन्हा पाठवले, तेव्हा त्यांनी ठेवून घेतले.