लॉकच्या आतली ओळ

"थांबा. आत्ता हातात काय आहे?"

माझ्यासोबत कोड वाचताना आमच्या टीममधले ज्येष्ठ सर दर दोन ओळींनी हे विचारायचे आणि स्वतःचे हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे. हातात म्हणजे, या क्षणी कोडने कुठलं लॉक धरलंय, म्हणजे कशावर इतरांना थांबवणारं कुलूप लावलंय. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्या शेजारी बसलं की दुपार संपतच नाही.

नारायण पेठेतून ते बसने यायचे. कोड चक्क कागदावर छापून पेन्सिलीने वाचायचे. खिडकीतून कडुनिंबाची सावली त्या कागदांवर हलत राहायची आणि मला गुंगी आल्यासारखं व्हायचं. मी अमरावतीची, सगळ्यांना अरे-तुरे करणारी. ते मला 'आपण' म्हणायचे. आधी वाटलं, चिडवताहेत.

मग आमचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्रॅम, एका ग्राहकाकडे अधूनमधून अडकायला लागला. अख्खं मशीन गोठायचं. आमच्याकडे मात्र काही केल्या तसं होईना. त्यातला शेवटचा बदल माझा होता आणि नोकरी अजून कायम झाली नव्हती.

सर आणि मी सगळा कोड पुन्हा ओळीने वाचायला बसलो. चौथ्या दुपारी सरांची पेन्सिल माझ्या एका ओळीवर थांबली. असं लॉक धरलेलं असताना कोडने झोपायचं नसतं, कशाची वाट बघायची नसते. बाकीचे सगळे ताटकळतात. माझी ओळ नेमकी तिथेच मेमरी मागत होती. आमच्याकडे ती मोकळी असायची, लगेच मिळायची. ग्राहकाकडे मेमरी भरली, की ओळ लॉक घेऊनच झोपायची.

"आधी मागून घ्या, मग लॉक धरा," सर म्हणाले. ओळ थोडी वर सरकवली. संपलं.

संपलं कसलं! दुरुस्तीच्या टिपेत, चूक कुठल्या बदलातून आली आणि कुणाच्या, ते लिहायची आमची रीत. मी तेवढंच गाळलं.

"आपण एक विसरलात."

"सर, माझं नाव दिसेल ना."

"मग माझंही लिहा. तपासून पास मीच केला होता. घाईत, स्क्रीनवरच वाचून."

लिहिलं, रडत रडत. मॅनेजरने बोलावलं, तर सर माझ्याआधीच तिथे जाऊन बसलेले. नोकरी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात सर वारले. ड्रायव्हर बदलत गेला, त्यांच्या ओळी एकेक करून निघाल्या. टिपा मात्र कुणी पुसत नाही. परवा ती टीप उघडली. चूक कुणाची, या रकान्यात आम्ही दोघं, एकाखाली एक. फार आठवण आली त्यांची.