समजावून सांगणारे शेजारी

लेकीच्या प्रश्नापुढे आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका पडतं घेणारा बाप अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही. खुलताबादची शेती भावावर सोपवून गृहस्थ इथे नोकरीला आले आणि नोकरीतून उरलेला सगळा वेळ सात वर्षांच्या लेकीच्या ‘कसं काय’ला देऊन बसले. एखादी गोष्ट समजल्याशिवाय ती पोरगी पुढे सरकत नाही, आणि हे तिला सरकवतही नाहीत. चटणी बारीक कशी होते हे दाखवायला त्यांनी एकदा मिक्सर उघडला. स्वतःचा नव्हे, आमचा; स्वतःचा आधीच उघडून झाला होता. परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले, ते त्यांनी अदबीनं माझ्या बायकोच्या हातात ठेवले. तेव्हापासून आमचा मिक्सर सुरू केला की ओट्यावर फिरायला निघतो, धरून ठेवावा लागतो.

क्रांती चौकात आता कोणाची पाळी हे सिग्नलला कसं कळतं, असं तिनं विचारलं, तर बापलेक सुट्टीच्या सकाळी तासभर फुटपाथवर उभे राहून सेकंद मोजत होते. वाहतूक पोलिसानं आधी हटकलं. थोड्या वेळानं तोही मोठ्यानं मोजायला लागला. मी एकदा वैतागून म्हणालो, “अहो, ‘असंच असतं’ म्हणून मोकळं व्हावं माणसानं.”

“तसं म्हटलं की लेकरू गप बसतं काका,” ते म्हणाले, “पण त्याला कळत कायच नाय.”

गेल्या दिवाळीआधी पोरीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. मला वाटलं, आता सापडले, कारण समजल्याशिवाय ती डॉक्टरांपुढे आ करणार नव्हती. पण पठ्ठ्यानं डॉक्टरांना गाठून सगळं विचारून घेतलं, वहीत चित्रं काढली आणि आठवडाभर तिची शिकवणी घेतली. ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत गेलो होतो. हॉस्पिटलच्या ढगळ झग्यात पोरगी खाटेवर पाय हलवत बसली होती, आणि त्या झग्याची नाडी ह्यांनी तीनदा बांधली तरी गाठ बसेना.

तिनं मागे वळून पाहिलं. “बाबा, तुम्हाला नीट समजलं नाय का? बसा इथं, मी सांगते.”

मग भूल कशी देतात, बाहेरून न कापता तोंडातूनच गाठी कशा काढतात, नंतर आइस्क्रीम का देतात, सगळं तिनं सावकाश सांगितलं. “आलं का ध्यानात?”

“व्हय,” ते म्हणाले.

तिला आत नेल्यावर ते बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. “समजलंय हो काका सगळं,” माझ्याकडे न बघता म्हणाले, “तरी काय उपयोग होईना.”

पोरगी सुखरूप बाहेर येईपर्यंत मी नुसता त्यांचा हात धरून बसलो.