लाल टिपक्याचं कार्ड

स्टुडिओत सगळे तिला धाकटीच म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा. मावसभाऊ दिवसभर तीच हाक मारायचा ना. "धाकटे, लाइट लाव. धाकटे, त्या बाळाला हसव." दुकान दोघांनी मिळून काढलेलं, पण तिच्या तोंडी कायम "दादाचं दुकान". एकदा एक गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, तुमचा भाऊ जरा पोचलेला दिसतो. धाकटीने कॅमेरा खाली ठेवला आणि दार दाखवलं. "फोटो दुसरीकडे काढा. निघा."

अशी होती. दादा म्हणजे दादा.

दुकानात एक नियम होता, तिनेच घातलेला. कॅमेऱ्याची कार्डं पत्र्याच्या एका डबीत ठेवायची. भरलेलं कार्ड पालथं, रिकामं उताणं. पालथ्याला हात लावायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. दादाने संध्याकाळी पालथी कार्डं कॉम्प्युटरवर उतरवायची, आणि मगच ती उताणी करायची. तिच्या स्वतःच्या कार्डांवर तिने लाल नेलपॉलिशचे टिपके दिले होते. म्हणजे घोळ नको.

आणि घोळ झालाच.

एक दिवस दुपारी एक मुलगी दुकानात आली. नुकतंच लग्न झालेली. रजिस्टर लग्न होतं, फोटो धाकटीनेच काढले होते. पण मुलगी नवी नवरी वाटतच नव्हती, चेहरा पार उतरलेला.

"ताई, अल्बमची घाई नाही. मला फक्त बाबांचा एक फोटो द्या. सही करतानाचा. ते गेले हो, मागच्या आठवड्यात."

धाकटीला तो फोटो लख्ख आठवत होता. साक्षीदार म्हणून सही करताना त्या माणसाने शाळकरी पोरासारखी जीभ बाहेर काढली होती. फोटो काढताना तिला हसू आवरत नव्हतं.

"बसा, लगेच देते."

कॉम्प्युटरवर त्या लग्नाचा फोल्डर होता, आत काहीच नाही. तिने डबी उघडली. लाल टिपक्याचं ते कार्ड तळाशी होतं. उताणं. कॅमेऱ्यात घातलं तर एकही फोटो नाही.

"दादा, तू उतरवून घेतले होतेस ना?"

दादाने मान वर केली. "मी डबी उघडली तेव्हा हे उताणंच होतं. म्हटलं, तूच उतरवले असशील. तूच उडवलं असणार गं."

"मी?"

"मग कोण, भूत? पासपोर्टचे फोटो काढायला घातलं असशील आणि सवयीने फॉरमॅट दाबलं असशील. तुझा अंगठा डोक्याच्या आधी धावतो."

तिचा अंगठा धावायचा हे खरं होतं. म्हणून तिला पटलं. का नाही पटणार? दादा सांगत होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या मुलीला म्हणाला, "लहान आहे हो. चूक झाली. तिच्या वतीने मी माफी मागतो."

मुलगी ओरडली नाही. नुसतं "बरं" म्हणाली. त्या "बरं"ने धाकटी आतून सोलून निघाली.

पण ती हात टेकून बसणारी नव्हे. उडवलेला फोटो लगेच जात नाही, कार्ड फक्त ती जागा मोकळी समजतं. वरून नवीन काही काढलं नसेल तर जुनं परत निघतं. असे फोटो तिने आधीही लोकांना काढून दिले होते.

"सोड गं," दादा म्हणाला. "त्यात काही राहिलेलं नाही. फेकून दे, नवीन आणू."

तिला वाटलं, आपली काळजी करतोय.

तो जेवायला घरी गेला आणि तिने कार्ड रिकव्हरीला लावलं. पडद्यावर फोटो यायला लागले.

पहिला फोटो एका कपाटाचा. कोरं करकरीत, रिकामं. मग फिकट निळी भिंत, कितीतरी कोनांतून. हा रंग तिनेच सुचवला होता, कधीतरी दुसरं दुकान काढू तेव्हा लावू म्हणून. दादा तेव्हा हसला होता, "दिवसा स्वप्नं बघतेस." मग बोर्ड. बोर्डावर त्याचं एकट्याचं नाव. मग मावशी, दारात किल्ल्या हातात धरून, तोंडभर हसत. म्हणजे मावशीलाही माहीत होतं. शेवटी काचेच्या दारातल्या प्रतिबिंबात स्वतः दादा, डोळ्याला कॅमेरा लावलेला.

तारीख लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची.

तिला कळायला वेळ लागला नाही. आपलं नवं दुकान गुपचूप टिपायच्या घाईत त्याने हाताला लागलेलं पालथं कार्ड उचललं होतं. लग्नाचे फोटो उतरवायचे राहिलेत हे न बघता सगळे उडवले. दुकानाचे फोटो काढले, स्वतःकडे घेतले, तेही पुसले. मग कार्ड उताणं करून ठेवून दिलं.

खाली लग्नाचे फोटो होते, पण अर्ध्यापासूनचे. सुरुवातीच्या जागेवर कपाटं आणि भिंती बसल्या होत्या. सही गेली होती. तिने परत लावलं. परत तेच.

फक्त व्हरांड्यातल्या एका फोटोत, नवराबायकोच्या मागे कोपऱ्यात बाबा होते. जरा हललेले. पेन परत द्यायला विसरलेले, ते हातातच. बघत होते लेकीकडे.

दादा आला. "मिळाले का?"

"मिळाले. तुझेपण मिळाले."

तो खुर्चीत बसला. "आई म्हणाली, सगळं पक्कं होऊ दे, मग सांगू. तू आकांडतांडव करतेस."

"दुकान घाल खड्ड्यात. तिच्यासमोर माझ्या नावाने माफी मागितलीस तू. चूक तुझी, माफी माझी?"

"अगं, बाहेर माझं नाव खराब झालं तर नवीन दुकानात कोण येईल? तू घरची. तुझ्यावर ढकललं तर चालतं."

चालतं म्हणे. त्याच्यासाठी लोकांच्या अंगावर गेलेली ती पोर पाठ फिरवून कॉम्प्युटरकडे वळली.

तिने मुलीला फोन करून बोलावलं आणि तो फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. "सहीचा गेला. लग्नाचे अर्धे मिळाले, त्यात बाबांचा हा एवढाच आहे."

मुलगी पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हे पेन आमच्या घरी आहे. टीव्हीपाशी पडलंय. कुठून आलं तेच कळत नव्हतं." ती रडत हसली. मग तिने डोळे पुसले. "ताई, पण तुम्ही म्हणता लग्नाचे अर्धे आहेत, मग नेमके तेवढेच कसे गेले?"

दादा लेन्स पुसत होता. पुसलेलीच पुसत होता.

"त्याने उडवले," धाकटी म्हणाली आणि सरळ बोट दाखवलं. "मी नाही. मघाशी माझ्या नावाने मागितलेली माफी खोटी होती."

मुलीने दादाकडे पाहिलं. फोटो घेऊन गेली.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "आता तरी रिकामं कर ते कार्ड."

धाकटीने ते डबीत ठेवलं. पालथं. झाकण लावलं आणि डबी आपल्या पिशवीत टाकली.

"धाकटे, चार वाजता बाळाचे फोटो आहेत. कार्ड कुठलं वापरू?"

"हाताला लागेल ते," ती म्हणाली आणि निघाली.