एका गाठीची सुतळी

“आधी पायरी बघू, बाकी मागाहून,” असे म्हणत ते कोटाच्या खिशातून सुतळी काढीत. घरमालक भाडे सांगायला तोंड उघडतोय, तोवर हे उकिडवे बसून त्याच्या पायरीला सुतळी लावत. सुतळीला एकच गाठ होती. पायरी गाठीच्या वर गेली की उठून धोतर झटकीत. “नमस्कार. येतो.” घर आतून पाहायचेसुद्धा नाही.

कचेरीत ते माझ्या शेजारच्या मेजावर बसत. रत्नागिरीत दोघेही एकटे. जेवायला एकच खाणावळ. त्यांची थोरली बहीण, अक्का, केळशीला चुलतभावाच्या घरी पडवीतल्या एका कोपऱ्यात राहत होती. विधवा, एका पायाने अधू. आई गेल्यावर ह्यांना तिनेच वाढवलेले. तिला आपल्याकडे आणायची हा एकच ध्यास या माणसाला होता, आणि त्यासाठी तिला चढता येईल असे बिऱ्हाड हवे होते. आमच्याकडे पावसामुळे जोती उंच, आणि जांभ्याच्या एका अख्ख्या चिऱ्याची एक पायरी.

ती गाठ गणपतीत पडली होती. अक्काला भिंतीला धरून उभी केली, पाय उचलेल तेवढा उचलायला लावला आणि तिथे सुतळीला गाठ मारली. “शिंप्यासारखी मापं काय घेतोस रे?” अक्का म्हणाली होती. हे सांगताना ते हसत आणि सुतळी बोटाला गुंडाळून परत खिशात ठेवीत.

आम्ही रविवारी निघायचो, पण तयारी शनिवारी संध्याकाळीच होई. याद्या करायची मला तेव्हापासूनची खोड. तुम्हीही बिऱ्हाड शोधत असाल तर उतरवून घ्या. विहिरीसाठी दोरी आणि लोटा. एक रिकामी बाटली. तिच्यातून पाणी खाणावळीत आणून त्यात मूठभर तूरडाळ शिजायला घालायची, मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही. काड्यांची पेटी, चुलीपाशी काडी विझवली की धूर कुठे जातो ते कळते. छत्री. डब्यात पोहे.

“आणि सुतळी,” ते दर वेळी म्हणत.

“ती तुमच्या खिशातच असते.”

“असू दे. यादीत लिहा.”

एकदा खालच्या आळीतल्या एका काकूंनी ओटीवरूनच विचारले, “काय हो, पायऱ्या कसल्या मोजताय? म्हैस आणायची आहे की काय वर?”

“म्हैस नाही काकू, बहीण. पाय अधू आहे तिचा.”

काकू उठल्या. आत जाऊन ताकाचे दोन पेले घेऊन आल्या. “माझ्या पायऱ्यांना काही करता येत नाही हो,” एवढेच म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी घर मिळाले. पायऱ्या उंचच होत्या, पण मालक भला. गवंडी लावायला त्याने हरकत घेतली नाही. प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये अर्धा चिरा बसवला. न्हाणीत धरायला वासा ठोकला. माझ्या यादीतल्या सगळ्या ओळींवर खुणा करून झाल्या, आणि ते अक्काला आणायला गेले.

आगबोट यायच्या दिवशी मी बैलगाडी घेऊन बंदरावर उभा होतो. बोटीवरची माणसे किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून ते एकटेच उतरले. हातात पोह्याच्या पापडांचा डबा.

“अक्का?”

“हर्णैहून परत गेली.”

बाकीचे गाडीत कळले. केळशीच्या माणसांना बोट हर्णैला धरावी लागते, आणि तिथे ती किनाऱ्यापासून लांब उभी राहते. हलत्या पडावातून बोटीची शिडी चढावी लागते. खलाशी म्हणाला, “आजी, डोळे मिटा, मी उचलतो.” परक्या पुरुषाचा हात लागू द्यायला अक्का तयार होईना, आणि ह्यांना एकट्याला ती उचलवेना. बोटीने भोंगा दिला. चुलतभाऊ किनाऱ्यापर्यंत पोचवायला आला होता, त्याच्याबरोबर ती परत गेली. गाडीवाटेने आणावी, तर मध्ये खाड्या, तिथेही होड्याच.

“मला म्हणाली, तू जा, तुझी नोकरी आहे.” ते बैलांकडे बघत राहिले. “इतक्या पायऱ्या मोजल्या हो आपण.”

वर्षातून दोनदा तीच शिडी चढणारे ते. त्यांच्या ध्यानात आली नाही, माझ्या यादीतही नाही.

घर त्यांनी सोडले नाही. पुढच्या रविवारी मी गेलो, तर अंघोळ करून, कोट घालून पायरीवर बसले होते. “आता रविवारचं करायचं काय?” त्यांनी विचारले.  मी शेजारी बसलो.

दोन वर्षांनी अक्का पडवीतच पडून अंथरुणाला खिळल्याचे पत्र आले. पेन्शनीला अवकाश होता, तरी तिच्यापाशी राहायला त्यांनी नोकरी सोडली. किल्ली माझ्या हातात दिली. “घर घ्या तुम्ही. पाणी चांगलं आहे.” पडाव बोटीला लागेपर्यंत मी बंदरावर उभा होतो. मग त्यांचे पत्र कधी आले नाही.

मी त्या घरात राहायला आलो, तेव्हा सुतळी दाराजवळच्या खुंटीवर राहिली होती. मी ती काढलेली नाही. बिऱ्हाड शोधणारे अजूनही माझ्याकडे यादी मागायला येतात. पहिल्या ओळीत मी लिहितो: ज्याच्यासाठी घर, तो इथवर येणार कसा?

पन्नाशी आली, गुडघे कुरकुरतात. कचेरीतून परतलो की अख्ख्या चिऱ्यावर पाय टाकवत नाही. मधल्या अर्ध्या चिऱ्यांवर टेकत, भिंतीला धरत, मी अक्काच्या पायऱ्या चढतो.