मावशींची मोकळी बाग

भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा कुणी हळहळलं, कुणी पेढे वाटले. पण केवळ आपला जिल्हा लहान झाला एवढ्याच कारणासाठी मनापासून सुखावलेलं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. मावशी तेव्हा शाळेत शिकवत होत्या. वर्गातल्या फळ्यावर त्यांनी खडूनं जिल्ह्याचा नकाशा काढलेला होता. त्यातला अर्धा त्यांनी दुसऱ्या दिवशी डस्टरनं पुसला आणि मुलांना म्हणाल्या, "बरं झालं. लय पसारा झालता." उरलेल्या अर्ध्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं म्हणे, की पहिल्या बाकावरच्या पोरींना साकोली तालुक्याची काळजी वाटली.

कमी करणं हा मावशींचा स्वभाव होता. लोक घरात वस्तू आणतात, मावशी घरातून वस्तू काढत. त्यांच्याकडे खुर्च्या दोनच. तिसरा पाहुणा आला की तो उभाच राहायचा आणि म्हणून लवकर जायचा, हा त्यातला हिशेब. चहाला कप असे, बशी नसे. "बशीतून तुमी पिता का?" त्या विचारत. नाही म्हटलं की, "मंग कायले पाहिजे?" आमच्या लग्नात त्यांनी आम्हाला आहेर म्हणून एक रिकामी पेटी दिली होती. बायको बिचारी ती उघडून आत हात फिरवत राहिली. मावशी म्हणाल्या, "काई नाई त्यात. घरातलं नको असलेलं त्यात भरा अन् कोनाले तरी देऊन टाका." ती पेटी आम्ही अजून भरतोच आहोत.

पण या स्वभावामागे पंचवीस वर्षांची दाटी होती. मावशींचे यजमान, म्हणजे मावसे, जवाहरनगरला कारखान्यात होते. क्वार्टर दोन खोल्यांचं. त्यात मावसे, मावशी, सासूबाई, परीक्षेला बसलेले दोन दीर, नोकरी शोधायला आलेला एक पुतण्या, त्याला भेटायला येऊन राहून गेलेला त्याचा एक मित्र आणि कुठल्याही दिवशी नक्की कोण ते सांगता येणार नाही असे आणखी दोन-तीन जण. रात्री कूस बदलायची तर आधी तिघांना सांगावं लागे. मावशींनी कधी तक्रार केली नाही. सगळ्यांना शिकवलं, सगळ्यांना नोकऱ्या लागल्या, सगळे आपापल्या घरी गेले. शेवटी मावसेही गेले. मग मावशी निवृत्त झाल्या आणि आपल्या माहेरच्या गावी, सानगडीला, भावानं दिलेल्या जागेवर दोन खोल्यांचं घर बांधून राहिल्या. घर लहान, पण समोर अंगण चांगलं ऐसपैस. त्या अंगणात त्यांनी बाग करायची ठरवली.

नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या असताना त्यांनी एका मासिकात जपानातल्या बागेचा फोटो पाहिला होता. नुसती रेती, एक झाड, एक दगड. मावशींचा नंबर आला, पुकारा झाला, तरी त्या फोटोवरून उठल्या नाहीत. डॉक्टरला म्हणाल्या, "डोळे ठीक हायेत. आत्ताच तपासले." मासिक मागून घेतलं, तेवढं पान कापलं आणि बाकीचं मासिक परत केलं.

आता, मी जावई आहे हे इथं सांगायला हवं. आमच्याकडे जावयाला पाट, पंखा, सुपारी, सगळं मिळतं. मावशींकडे मला सब्बल, म्हणजे पहार, मिळायची. "या जवाईबापू," एवढं आदरानं म्हणून त्या ती माझ्या हातात द्यायच्या. भंडाऱ्याहून सानगडीला मी पाच-सहा रविवार जाऊन तरोटा उपटला, घाणेरी खणली, आधीच्या कुणीतरी लावलेली कण्हेर काढली. कोपऱ्यातला एक पळस तेवढा ठेवला. तोही वाचला, कारण तेव्हा त्याची सगळी पानं गळलेली होती आणि मावशींना तो सभ्य वाटला.

बाग होणार ही बातमी गावात पसरली आणि पंचाईत झाली. बाग म्हणजे झाडं, असा गावाचा समज. जो येई तो काहीतरी घेऊन येई. जास्वंदीची फांदी, मोगऱ्याचं रोप, कोरफड, शेवंती. मावशी प्रत्येकाला चहा देत आणि रोप त्याच्याच पिशवीत परत ठेवत. शेजारच्या गयाबाई म्हणजे भाबडं माणूस, धानाची शेती, गुडघे गेलेले, तरी रोज फाटकाशी थांबून दोन शब्द बोलणार. त्या झेंडूचं अख्खं टोपलं घेऊन आल्या. मावशी म्हणाल्या, "गया, हा झेंडू नाई, हा बजार हाय." गयाबाई न रागावता घरी गेल्या. वाटेत त्यांनी सुनेला सांगितलं, "मास्तरीनबाई बाग करून राहिल्या, पन त्यात काई लावनार नाईत म्हनतात." सून म्हणाली, "मंग करून कायले राहिल्या?" 

रेती वैनगंगेची आणली. ती मावशींनी दोनदा चाळली. मग दगड. दगड सानगडीत काही कमी नाहीत, पण मावशींना त्यातला एकही पसंत पडेना. हा फार बोलतो, तो झोपलेला दिसतो, अशी कारणं. एका लग्नाला तुमसरकडे गेलो असताना आंबागडच्या किल्ल्याखाली एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांना हवा तो दगड दिसला. काळसर, गुडघाभर उंच, एका बाजूला किंचित कललेला. मावशी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि लग्न लागून गेलं. शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "घेऊन जा ना बाई, नांगराले लागते तो." टेम्पोत घालून अख्खा जिल्हा ओलांडून आम्ही तो गोटा सानगडीला आणला. आल्यावर तो चार वेळा हलवला, दर वेळी वीतभर. चौथ्या वेळी चार गडी आणि मी पाठ धरून बसलो होतो. मावशींनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "हां. आता बसला."

खरं सांगायचं तर बाग सुंदर झाली. सकाळी मावशी दंताळ्यानं रेतीवर रेघा ओढत आणि पायरीवर बसून राहत. आजूबाजूला कोंबड्या, ट्रॅक्टर, लग्नाचे भोंगे, आणि मध्ये हे एवढं शांत अंगण. मावशींच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐसपैसपणा पाहिला.

वर्षभरानं एका सकाळी त्यांचा फोन आला. "जवाईबापू, या. गोट्याले शेंदूर लागला."

जाऊन पाहतो तर खरंच. गोट्याला शेंदूर, समोर फुटलेला नारळ, उदबत्तीची राख, आणि वरून तोच तो झेंडू. मावशींच्या माहेरचे देव छप्पन सालीच गेले. त्यांच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी सगळे नदीत सोडले. त्यानंतर मावशींच्या घरी देव असा हा पहिलाच, आणि तोही स्वतःच्या खर्चानं टेम्पोत घालून आणलेला. मावशी पायरीवर बसल्या होत्या. गयाबाई फाटकाशी मान खाली घालून उभ्या होत्या.

"बाई, तुमच्या आंगनात देव आला," त्या हळूच म्हणाल्या.

"माह्या आंगनात?" मावशी म्हणाल्या. "पत्ता चुकला असन त्याचा."

मग कळलं की गयाबाईंच्या सुनेला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. दिवस भरलेले, बाळ आडवं. मी पाण्याची बादली घेऊन शेंदूर धुवायला निघालो होतो. मावशींनी मला नजरेनंच थांबवलं. "सुटका होऊ द्या पोरीची. मंग पाहू." आणि पुढचे आठ दिवस, जिनं बशीसुद्धा घरात ठेवली नाही तिनं अंगणात नारळाच्या शेंड्या सहन केल्या.

सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आणि तिथंच घोटाळा झाला, कारण आता गोटा नवसाला पावला होता. गावभर झालं. कुणाची म्हैस गाभण राहावी म्हणून, कुणाच्या पोराची पोलीस भरती व्हावी म्हणून माणसं येऊ लागली. रेतीवर चपलांचा ढीग. एका रविवारी गावातले तीन जाणते आले. दोघं खुर्च्यांवर बसले, तिसरे उभे. फार अदबीनं म्हणाले, "बाई, वर टिनाचं शेड टाकतो, खाली चबुतरा. घंटा लावू एक. तुमाले काई तरास होऊ देनार नाई."

 गल्लीत बौद्धांचं घर हे एकच. बाई एकटी. नाही म्हटलं तर काय होईल आणि हो म्हटलं तर काय उरेल, दोन्ही मला दिसत होतं. मावशींनी गयाबाईंना बोलावून घेतलं.

"गया, तुले खरंच वाटते, या गोट्यानं केलं?"

गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले नाई माहीत बाई. देवळापर्यंत माह्यानं चालवत नाई. जीव घाबरला होता. हा समोर दिसला, एकटा, सोच्छ. हात जोडल्या गेले."

 मग मावशी त्या तिघांना म्हणाल्या, "देव तुमचा असन. गोटा माहा होता, तो मी गयाले देतो म्हनते. तिच्या आंगनात ठेवा, शेड टाका, घंटा लावा. पन आंगन मी देनार नाई. हे लय वर्सांनं भेटलं मले."

कुणालाच यात बोट ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सहा जणांनी चपला काढून, श्वास रोखून, अंड्यासारखा तो गोटा उचलला. यातलेच दोघं वर्षापूर्वी त्याच गोट्यावर बसून बिडी ओढत होते. गोटा गेला, आणि रेतीत एक खड्डा राहिला.

"आंबागडला जाऊन दुसरा आणू का?" मी विचारलं. पाठ दुखायला लागलीच होती.

मावशींनी खड्डा रेतीनं भरला, हातानं सारखा केला आणि मागे सरून एक डोळा मिटला. "नको. आधी बी जास्तच होता." त्या हे हसून म्हणाल्या, पण पाणी प्यायच्या निमित्तानं घरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. एका दगडात माणसाचा इतका जीव गुंततो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर माझी बदली नागपूरला झाली आणि सानगडीला जाणं कमी झालं. मागच्या हिवाळ्यात गेलो. रेती, पळस आणि पायरीवर मावशी. शेजारून घंटेचा आवाज आला. मावशी म्हणाल्या, "गया आता इकडं येत नाई. देव घरीच हाय तिच्या. गुडघ्यांनं जमत बी नाई. सुनेची पोरगी शाळेत जाते आता." सांगण्यात तक्रार नव्हती, पण त्या फाटकाकडे पाहत होत्या.

मी कपातला चहा संपवला आणि घड्याळ पाहून उठलो. साडेचारची साकोलीची गाडी होती. आजवर मावशींनी कुणालाही थांबवलेलं मला आठवत नाही. उलट चहा संपायच्या आतच त्या आपल्याला गाडीची वेळ सांगत. त्या दिवशी त्यांनी दुसरी खुर्ची थोडी जवळ ओढली.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "पुढच्या गाडीनं गेले तं नाई चालनार का?"

मी बसलो.  दोन गाड्या सोडल्या.