रोझेअरच्या लाकडाशिवाय

फेर्नां गेला तो जंगलात, झाड अंगावर पडून. त्याच्या थोरल्या भावानं, रोझेअरनं, त्या दिवशी त्याला एकट्यालाच तोडीवर पाठवलं होतं. वारा सुटलेला असताना एकट्या माणसानं करवत चालवू नये, हे आमच्या नदीकाठी शेंबडं पोरही सांगेल. पण दफनानंतर चर्चच्या सभागृहात जेवणं चालली होती, तेव्हा रोझेअर सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय करणार? सकाळपासून घेतलेलीच होती त्यानं."

फेर्नांची बायको ओडील, माझी मैत्रीण, माझ्या शेजारी बसली होती. हातातलं कुट्टूच्या पिठाचं धिरडं तिनं तसंच ताटात ठेवलं. लग्न झाल्यापासून फेर्नांनं दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. रोझेअरला हे पक्कं ठाऊक होतं. पण इथं अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेला हिवाळ्यात ज्याच्या वखारीत सुकं लाकूड, त्याच्याशी वाकडं कोण घेणार?

घरी येताना ओडील मला म्हणाली, "क्लेमाँस, त्याचं लाकूड माझ्या घरात पुन्हा जळणार नाही."

"मग काय जाळशील?"

"त्याचं काळीज."

लग्नात रोझेअरनं दिलेली, लाकडावर घर तापवणारी लोखंडी शेगडी तिनं ट्रकवर चढवून त्याच्याच फाटकासमोर नेऊन टाकली. तिच्या जागी भुशाची शेगडी आली. भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्यांवर ती चालते. वरच्या टाकीत पोतं रिकामं करायचं. आतला स्क्रू फिरत फिरत कांड्या आगीच्या भांड्यात ढकलतो, पंखा हवा देतो. पहिल्यांदा पेटवायच्या दिवशी तिनं मला बोलावलं, आणि मुद्दाम रोझेअरलाही. त्यानं डोळ्यांनी बघावं म्हणून.

तो आला, टोपी न काढताच बसला. ओडीलनं बटण दाबलं. पंखा घरघरला, पण भांड्यात एक कांडी पडेल तर शपथ. नवी शेगडी, टाकीपासून भांड्यापर्यंतची नळीच रिकामी होती, ती भरेपर्यंत आगीला खायला काहीच नव्हतं. आम्हाला ते कुठं माहीत!

"कोंबड्यांचा दाणा पेटवतेस होय गं ओडील?" रोझेअर हसला.

शेवटी ओडीलनं मूठभर कांड्या हातानंच भांड्यात टाकल्या. आग धरली, आणि शेगडीचा नवा रंग तापून घरभर असा उग्र वास सुटला की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या. बाहेर बर्फ भुरभुरत होता. ज्वाळा तांबडी, सुस्त. बघता बघता काच काजळीनं काळी झाली.

"छान! खिडक्या उघड्या टाकून घर तापवायचं," रोझेअर उठत म्हणाला. "वीज गेली की ही बंद. तेव्हा येशील माझ्याकडेच."

"मेले तरी नाही."

"फेर्नांसारखाच ताठा," असं म्हणून तो गेला.

ओडील रडेल असं मला वाटलं. तिनं शेगडी विझवली, गार होऊ दिली, काच पुसली, भांडं खरवडलं आणि पुन्हा पेटवली. हवा कमीजास्त करायचा दांडा थोडा बाहेर ओढला. आता कांड्या भांड्यातून फुटाण्यासारख्या उडायला लागल्या. हवा फार झाली होती. दांडा किंचित आत. ज्वाळा पुन्हा सुस्तावली. पुन्हा किंचित बाहेर. दुपारभर तिचं हेच चाललं होतं, ओठ घट्ट मिटून, जणू दांड्याच्या दुसऱ्या टोकाला रोझेअरची मानगूट होती. दिवेलागणीच्या सुमारास ज्वाळा पिवळीधमक, चपळ झाली आणि काच स्वच्छ राहिली.

"आलं लक्षात," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

जानेवारीच्या वादळात वीज खरंच गेली. मी तिला न्यायला गेले. ती कोट घालून गोधड्यांत बसली होती, नाक लालभडक.

"चल माझ्याकडे. अंगात धुगधुगी तरी राहू दे."

"तुझ्याकडे लाकूड कुणाचं जळतंय?"

लाकूड रोझेअरचंच होतं. ती आली नाही. वीज आल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे शेगडीसाठी बॅटरी मागवली. आणि मी माझ्यासाठी शेगडी मागवली. ती पेटवायला ओडीलच आली.

तिथून ती सुटलीच. आपल्या गॅरेजात कांड्यांची पोती विकायला ठेवली. रोझेअर ज्यांना ओलं लाकूड सुकं म्हणून गळ्यात मारायचा, त्या घरांत ती आधी गेली. पहिल्या दिवशी खिडक्या उघडा, नळी भरेपर्यंत धीर धरा, ज्वाळेकडे बघून हवा द्या. सगळं हातानं करून दाखवायची. पुढच्या हिवाळ्यांत रोझेअरच्या वखारीतले ढीग जागीच कुजायला लागले. चर्चच्या सभागृहातही भुशाची शेगडी बसली, तेव्हा मात्र तो तिच्या दारात आला. या खेपेला टोपी हातात होती.

"काय हवंय तुला, ओडील?"

"फेर्नां प्यायला होता का?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नव्हता."

"मला नको सांगूस. रविवारी सगळ्यांना सांग."

रविवारी प्रार्थनेनंतर तो पायऱ्यांवर उभा राहिला. भाऊ प्यायला नव्हता, त्या वाऱ्यात आपणच त्याला एकटा पाठवला, असं बोलला. आवाज फाटत होता. मग तो ओडीलजवळ आला.

"झालं समाधान? आता तरी माझी गिऱ्हाइकं सोडशील?"

"सोडीन असं कधी म्हणाले होते मी?"

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. तिला आली नाही.

वसंतात त्याची वखार बंद झाली. त्याचे लाकडाचे ट्रक नदीपलीकडे कॅनडात कुणीतरी घेतले. ते न्यायला माणसं आली, तेव्हा ओडील रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती. शेवटचा ट्रक पूल चढेपर्यंत ती हलली नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता भूक लागलीय," ती म्हणाली. मग आम्ही माझ्या घरी गेलो, धिरडी केली. ती पोटभर जेवली आणि फेर्नांबद्दल बोलत राहिली, अगदी अंधार पडेपर्यंत.